सहा मुलाखतींतली कडी

लोक बोलतात ते ऐकून जसंच्या तसं टाइप करायचं, हे माझं काम. विद्यापीठातल्या मानसशास्त्र विभागात सात वर्षं मी हेच करते आहे. कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल दाबलं की आवाज चालू, पाय उचलला की दोन सेकंद मागे. माणूस अडखळला तर तसंच अडखळत लिहायचं, रडला तर कंसात 'रडणे' लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

त्या वर्षी मॅडमनी नवा प्रकल्प घेतला होता. घरातलं माणूस गेल्यावर ते पुन्हा दिसलं किंवा त्याचा आवाज ऐकू आला असं ज्यांना वाटतं, त्यांच्या मुलाखती. मॅडम म्हणजे आमच्या विभागप्रमुख. भुताखेतांवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता, पण आलेल्या माणसाला त्या कधी हसल्या नाहीत. मुलाखती घ्यायचा त्यांच्या हाताखालचा संशोधक. भर उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, म्हणून सगळे त्याला मफलरच म्हणायचे.

तेराव्या मुलाखतीत एक बाई तिच्या वारलेल्या सासऱ्यांबद्दल सांगत होती. "पाठमोरे उभे होते. डाव्या हातानं दाराची कडी चाचपत होते, लागली आहे ना बघत. मान काही वळवली नाही."

माझा पाय पेडलवरून निसटला.

माझी आई मला अगदी तशीच दिसली होती. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. आई जाऊन तीन दिवस झाले होते, मला सणकून ताप भरला होता. दुपारी डोळे उघडले तर आई दारापाशी. पाठमोरी, अंगात घरात घालायचा तपकिरी स्वेटर, डावा हात कडीवर. मी पुन्हा झोपले. उठले तेव्हा ताप उतरलेला होता. हे मी फक्त ताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, सांगितलं होतं. दुसऱ्या कुणाला नाही, असं मी त्या दिवशी शपथेवर सांगितलं असतं.

योगायोग असेल म्हणून सोडून दिलं. पंधराव्या मुलाखतीत पुन्हा कडी आली. सतराव्यात पुन्हा. एकाचा भाऊ, एकीची मावशी, कुणाचा कुणाशी संबंध नाही, आणि गेलेला प्रत्येक जण डाव्या हातानं कडी चाचपतोय. विसाव्या मुलाखतीत एक म्हातारे शिंपी बायकोबद्दल म्हणाले, "कडी बघत होती हो ती. म्हणजे गेल्यावरही तिला माझीच काळजी." तेव्हा मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. खरं सांगायचं तर मला आनंद झाला होता. एवढी माणसं उगाच एकसारखं कशाला बोलतील? म्हणजे आई खरंच आली होती.

पण आनंद धड तासभरही टिकला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटायला लागलं. पहिला संशय मफलरवर. त्याचा प्रबंध तीन वर्षं रखडला होता, आणि 'सगळ्यांना एकच गोष्ट दिसते' असं काही हाती लागलं तर त्याचं नशीबच उघडणार होतं. दोनदा मी त्याला मुलाखतीआधी जिन्यात लोकांशी हळू आवाजात बोलताना पाहिलं होतं. माझ्या आईची गोष्ट त्याला कुठून कळली असेल, हे मला सांगता येत नव्हतं. पण संशय एकदा डोक्यात शिरला की असल्या अडचणींना जुमानत नाही.

तेवीस मुलाखती झाल्या, सहांमध्ये कडी आली, तेव्हा मी कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. आईचं सुद्धा सांगून टाकलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढला आणि विचारलं, "कुणाकुणाला माहीत आहे तुमच्या आईचं?"

"फक्त ताईला. आणि आता तुम्हाला."

"बरं." त्यांनी सहाही कागद स्वतःकडे ओढले. "या मुलाखतींचं मूळ ध्वनिमुद्रण मला द्या. मी स्वतः ऐकते."

मला कळायला एक क्षण लागला. त्यांना वाटत होतं, कडी मीच टाइप करताना घुसडली.

माझे कान तापले. "मॅडम, सात वर्षांत मी एक स्वल्पविराम पदरचा घातलेला नाही."

"म्हणूनच ऐकते. नाहीतर कागदच बदलून मागितले असते." त्यांचा आवाज काही चढला नाही. "अहो, आईची अगदी हीच गोष्ट तुम्हाला आधीपासून माहीत, आणि तीच तुम्ही टाइप केलेल्या सहा कागदांवर. माझ्या जागी तुम्ही असतात तर कुणाकडे बघितलं असतंत?"

पुढचे दोन दिवस त्या दार लावून ऐकत बसल्या. त्या दोन दिवसांत मफलर माझ्याशी जरा जास्तच गोड बोलला, त्यामुळे तर माझी खात्रीच पटली. तिसऱ्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. कडी ध्वनिमुद्रणात होती. सहाच्या सहा जण स्वतःच्या तोंडानं ती बोलले होते.

"म्हणजे मी सुटले," मी म्हणाले, आणि मफलरकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय?" तो उसळला. "मी जिन्यात लोकांना एवढंच सांगतो की घाबरू नका, पाहिजे तेव्हा थांबता येईल. हवं तर विचारा एकेकाला!"

मॅडमनी फळ्यावर एक ते तेवीस आकडे लिहिले आणि बारा नि तेराच्या मधे उभी रेघ मारली. "बारापर्यंत एकदाही कडी नाही. तेरापासून अकरा मुलाखती, त्यांत सहा वेळा. तेराव्याच्या आधी इथं काय बदललं?"

मफलर म्हणाला, काही नाही. खोली तीच, प्रश्न तेच. मी म्हणाले, मेलेली माणसं काय आकडे मोजून येतात का? त्यावर मॅडम पहिल्यांदा हसल्या.

"विज्ञानाला अशा अनुभवांचं स्पष्टीकरण देता येईल का, असं लोक मला सारखं विचारतात," त्या म्हणाल्या. "देता येईल की नाही ते पुढचं. आधी मला कळायला हवं की माणसानं पाहिलं काय, आणि पाहिल्यापासून माझ्या खुर्चीत येऊन बसेपर्यंत त्यात भर काय पडली. या सहांच्या बाबतीत मला तेवढंही माहीत नाही."

मग सहाही जणांना फोन झाले. मुलाखतीआधी कुणाशी बोललात, काय बोललात? बहुतेकांना आठवेना. बाविसावी मुलाखत एका कोर्टातल्या निवृत्त कारकुनाची होती. त्यांनी फोनवर मफलरलाच झापलं. "आठवायला कशाला सांगता? माझ्याकडे आहे. तुमच्या फाटकातून आत आलो तेव्हापासून खिशात मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू होतं. माझ्या तोंडी कोण काय घालेल याचा काय भरवसा?"

ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येऊन फाइल देऊन गेले. पावती मात्र लिहून घेतली.

टाइप करायला ती माझ्याकडेच आली. मॅडम शेजारी खुर्ची ओढून बसल्या, मफलर दाराला टेकून उभा. मी मनात म्हटलं, आता याची कुंडली बाहेर पडणार. पेडल दाबलं. बुटांचा आवाज, जिना, धाप. मग खुर्ची सरकल्याचा आवाज आणि एका बाईचा आवाज: "पाणी देऊ का?"

तो आवाज माझा होता.

यात नवल नव्हतं. आमची स्वागतिका बाराव्या मुलाखतीनंतर बाळंतपणाच्या रजेवर गेली, तेव्हापासून माझं टेबल बाहेर, लोक थांबतात तिथं हलवलं होतं. आलेल्यांना बसवायचं, पाणी द्यायचं, हे मीच करत होते. मी पाय दाबून ठेवला.

कारकून म्हणत होते, "या वयात असलं काही सांगायचं म्हणजे... लोक हसतील हो."

"इथं कुणी हसत नाही," माझा आवाज म्हणाला. "मलाही दिसली होती माझी आई. तापात पडले होते. दारापाशी पाठमोरी उभी, डाव्या हातानं कडी चाचपत होती. मान वळवलीच नाही तिनं. बघा, तुम्ही काही एकटे नाही."

"असं?" कारकून म्हणाले. "कडी? आमच्या थोरल्या बंधूंनाही कडी बघायची सवय होती..."

मी पेडल सोडलं. आवाज दोन सेकंद मागे गेला आणि थांबला. मला हे बोलल्याचं आठवत नव्हतं. अगदी आजही आठवत नाही. कुणाला पाणी दिलं, कुणाचा पंखा वाढवला, ते आठवतं, हे नाही. आवाज माझा नसता तर मी शपथेवर नाकारलं असतं.

 

"पुढं टाइप करा," मॅडम म्हणाल्या. मग जरा थांबून, "की मी करू?"

"मीच करते," मी म्हणाले. आणि केलं. 'स्त्री-आवाज' असं लिहून पुढं माझंच वाक्य जसंच्या तसं.

संध्याकाळी मी ताईला फोन लावला. सगळं सांगितलं.  

"अगं, ती मी होते," ती म्हणाली.

"कोण तू?"

"कडीपाशी. तू तापानं फणफणली होतीस, भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली होती. कुणी तुला उठवू नये म्हणून मी कडी लावून बसायचे आणि दर थोड्या वेळानं बघायचे. थंडी होती म्हणून आईचा स्वेटर घातला होता."

"तू डावखुरी आहेस," मी म्हणाले. किती वर्षं माहीत असलेली गोष्ट.

"आहेच की."

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"आई आली होती म्हणून सांगताना तू तीन दिवसांत पहिल्यांदा दोन घास खाल्लेस. मी कुठल्या तोंडानं सांगणार होते?"

मी रडायला हवं होतं. पण गेल्या आठवड्याभरात माझ्या डोक्याला एक वाईट खोड लागली होती. मी विचारलं, "ताई, तुला हे तेव्हापासून आठवतंय, की मी कडीचं बोलल्यावर वाटायला लागलं?"

"तू माझी मुलाखत घेतेस का गं?" तिनं फोन आपटला. चार दिवस तिनं माझा फोन उचलला नाही.

त्या अकराही मुलाखती अभ्यासातून बाद झाल्या. माझं टेबल पुन्हा आतल्या खोलीत गेलं. मला वाटलं होतं नोकरी जाणार, पण मॅडम म्हणाल्या, तुम्हाला बाहेर बसवलं मी, आणि काय बोलायचं नाही ते सांगितलं नाही तेही मीच. मफलरची मी माफी मागितली. तो "चालायचंच" म्हणाला, पण त्यानंतर माझ्यासमोर तो फोनवर कधी बोलला नाही. बाहेर जाऊन बोलायचा.

नियमाप्रमाणे सहाही जणांना पत्रं गेली: मुलाखतीआधी इथल्या एका बाईनं तुम्हाला स्वतःची कडीची गोष्ट सांगितली असावी, म्हणून मुलाखत बाद केली आहे. पाच जणांकडून काही आलं नाही. म्हातारे शिंपी मात्र पत्र हातात घेऊन स्वतः आले, आणि 'ती बाई कोण' म्हणून विचारत थेट माझ्या दारात उभे राहिले.

"मी," मी म्हणाले. "बसा."

ते बसले नाहीत. "तुम्ही मला काय सांगितलंत ते मला आठवतही नाही. पण माझ्या बायकोला कडी बघताना मी पाहिलंय. आता डोळे मिटले तरी दिसतं."

"काका, ती कडी माझी आहे. खरं तर माझ्या बहिणीची."

"मग माझं काय उरलं?"

याला माझ्याकडे एकच उत्तर होतं. मुलाखतीला बोलावण्याआधी प्रत्येकाशी फोनवर पाच मिनिटं बोलणं व्हायचं, आणि तेही ध्वनिमुद्रित असायचं, फक्त ते टाइप होत नसे म्हणून तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शिंपीकाकांचा फोन ते इथं पाऊल टाकण्याच्या दोन आठवडे आधीचा होता. मी तो सकाळीच ऐकून ठेवला होता. त्यांना सांगितलं, "तुमचंच बोलणं आहे. कडीच्या आधीचं."

"आता हेही तुम्हीच सांगणार?" ते माझ्याकडे रोखून बघत म्हणाले.

"मी काही सांगत नाही. तुम्ही ऐका."

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावून दिला आणि बाजूला झाले. त्या फोनवर ते म्हणाले होते की दुकानात मशीनपाशी बसलो असताना ती शेजारच्या स्टुलावर होती, सुई उजेडाकडे धरून दोरा ओवत होती, कारण माझी नजर अधू झाल्यापासून सुया तीच ओवून द्यायची. आणि दोरा जाईना म्हणून तिनं तो दाताखाली चावला. त्यात दार नव्हतं, कडी नव्हती.

त्यांनी एकदा ऐकलं. मग बोटानं पुन्हा अशी खूण केली. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांचा उजवा हात मांडीवर चिमूट धरल्यासारखा झाला. मधेच कधीतरी ते खुर्चीत बसले होते.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आवाज माझाच आहे," ते म्हणाले. "पण हा फोन करायच्या आधी मी कुणाशी बोललो होतो, ते कुठं आहे?"

"ते आमच्याकडे नाही," मी म्हणाले.

"धाकट्या मुलीशी बोललो होतो," ते हळूच म्हणाले. "आईच्या आठवणी काढत बसली होती ती." मग त्यांनी पत्राची घडी केली, खिशात घातली आणि विचारलं, "हे बोलणं कागदावर मिळेल का? मोठ्या अक्षरात लागेल."

मी अक्षर मोठं करून दोन पानं छापून दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून पहिल्या ओळीपासून माझ्यासमोरच वाचायला सुरुवात केली, एकेका शब्दावर बोट ठेवत, जणू त्यात मी कुठं काही घातलंय का ते बघत. मी त्यांना पाणी दिलं आणि एक अक्षरही बोलले नाही.