पडद्याचा नियम

मुनव्वर साहेबांनी बायकोला, कनीज आपांना, अध्यक्ष केलं, कारण स्वतःला होता येत नव्हतं. जरीकाम करणाऱ्या चाळीस बायकांची सहकारी संस्था; अध्यक्ष बाईच हवी. "नाम उनका रहता, काम हम देख लेते," असं त्यांनी मला ऑफिसात येऊन बिनदिक्कत सांगितलं. मी तारनाक्याची अनुराधा, सहकार खात्यातली निरीक्षक. राग गिळून मी त्यांना चहा पाजला.

साल पंच्याण्णव. परदेशात माल पाठवणारे दिल्लीचे व्यापारी आता थेट कारागिरांना गाठू लागले होते. असंच एक मोठं काम संस्थेकडे चालून आलं. बायकांनी ते थेट घ्यायचं, की मुनव्वर साहेबांच्या धाकट्या भावामार्फत, हे पहिल्याच सभेत ठरणार होतं. हा भाऊ या बायकांना वर्षानुवर्षं अर्धी मजुरी देत आलेला. कनीज आपांनी अकराव्या वर्षी सुई धरली होती, पण नवऱ्यापुढे तोंड उघडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. तो सांगेल तिथे सही करतील, अशी मला धास्ती होती.

त्यातून साहेबांनी नियमावलीत एक कलम हट्टाने घालून घेतलेलं: सभेच्या खोलीला पडदा हवा, आत परका पुरुष नको. दिल्लीचा व्यापारी आत शिरू नये म्हणून ही तजवीज.

सभेच्या दिवशी कडक इस्त्रीची शेरवानी घालून साहेब आले आणि खुशाल पडद्याच्या आत खुर्ची टाकून बसले. बायकांनी काढलेले बुरखे पुन्हा चढवले.

"अनुराधाबाई," कनीज आपा हळूच म्हणाल्या, "वो पर्दे का कायदा पढ़ के सुनाओ जरा."

मी खणखणीत आवाजात वाचला.

"अरे, मैं शौहर हूँ तुम्हारा!"

"मेरे हैं ना जी. बाकी उनचालीस जनियों के नइं."

हशा पिकला. साहेब करतात काय? निमूट बाहेर बाकावर जाऊन बसले आणि तिथून खोकू लागले. प्रत्येक खोकल्याला आपा बोलता बोलता थांबायच्या. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी बटव्यातून ज्येष्ठमधाची काडी काढून बाहेर पाठवली. मग काम थेट घ्यायच्या कागदावर सही केली. माझे डोळे भरून आले, आणि हेवाही वाटला. माझ्या ऑफिसात मला असा पडदा कुणी लावून दिला नव्हता.

पुढच्या महिन्यात साहेबांचा लेखी अर्ज आला: जमाना बदललाय, पडद्याचं कलम रद्द करावं.

आपांनी तो सभेत वाचून दाखवला. "कोन कोन राजी है?"

एकही हात वर झाला नाही. बाहेर खोकला सुरू झाला.

आपांनी बटवा उघडला.