एक इंच कमी

"उचला!" पलंगाखालून टाचणी ओरडली आणि सुतारकाकांनी पलंगाचा कोपरा वर घेतला. तिने चौथा लाकडी ठोकळा पायाखाली सरकवला, नीट बसलाय ना म्हणून त्यावर एक बुक्की मारली आणि केसांत जळमटं घेऊन बाहेर आली.

"सोडा आता. पण हळू."

"हळूच सोडतोय, मुकादम," काका म्हणाले.

टाचणी पलंगाच्या कडेवर बसून बघू लागली. पाय जमिनीला सपाट टेकले. गुडघे कमरेपेक्षा थोडे खाली. बरोब्बर! उठली, बसली, परत उठली.

"झाली का कवायत?" दारातल्या खुर्चीवरून मावशीने विचारलं.

"झाली. पास."

"तू पास होऊन काय उपयोग? पास व्हायचंय घराला."

ते खरंच होतं. आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन पाच दिवस झाले होते. उद्या तिला घरी सोडणार होते, पण कुणाच्या घरी, ते आज चार वाजता ठरायचं होतं. हॉस्पिटलातल्या फिजिओताई घर बघायला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर आई इथे, तिच्या खोलीत, तिच्या शिलाई मशीनसमोर. नाही डोलावली तर सहा आठवडे मावशीकडे. तिथे लिफ्ट होती, ऐसपैस बाथरूम होतं आणि मावशी होती.

ऑपरेशनला नेताना आईने टाचणीचा हात धरून एकच गोष्ट मागितली होती. "मशीन चालवायची नाही, कळतंय मला. पण उठल्यावर ती समोर दिसू दे." आणि टाचणी ट्रॉलीबरोबर चालता चालता म्हणाली होती, "घरीच आणणार तुला. बघच."

तेव्हापासून तिने घराची उलथापालथ चालवली होती. सतरंज्या गुंडाळून माळ्यावर. वायरी भिंतीकडेला चिकटपट्टीने घट्ट. बाथरूममध्ये धरायला दांडी. आईला कमरेत वाकायचं नव्हतं, म्हणून चहासाखरेपासून कात्रीपर्यंत रोजची प्रत्येक वस्तू कमरेच्या वर आणि खांद्याच्या खाली. आईची कमर आणि आईचा खांदा कुठे येतो, याचा विचारच करायला नको होता. दोघी एका उंचीच्या. आरशासमोर खांद्याला खांदा लावून ते कधीच ठरून गेलं होतं आणि टाचणी ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायची. म्हणून मापासाठी ती स्वतः उभी राहायची, भिंतीवर शिलाईच्या खडूने रेघ मारायची आणि काका तिथे फळी ठोकायचे.

"आणि दुपारी कोण असणार तिच्याजवळ? तू तर शाळेत," मावशी म्हणाली.

"सकाळी तू, दुपारी शेजारच्या काकू, चारनंतर मी. तक्ता लावलाय बघ."

मावशीने चष्मा लावून तक्ता वाचला. "माझंच नाव लाल पेनाने का?"

"तू उशिरा येतेस म्हणून."

काका खोकला आल्यासारखं करून करवत पुसायला लागले.

फिजिओताई चारच्या ठोक्याला आल्या. उंच, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाथरूमच्या दांडीला लटकून पाहिलं. डोळे मिटून पलंगापासून दारापर्यंत चालत गेल्या, कशालाच अडखळल्या नाहीत. फळ्यांपाशी मात्र थोड्या रेंगाळल्या.

"हे सगळं कुणी केलं?"

"मी," टाचणी म्हणाली.

"मी नुसते खिळे ठोकले," काका म्हणाले.

ताई पलंगावर बसल्या. उठल्या. पुन्हा बसल्या आणि स्वतःच्या पावलांकडे पाहत राहिल्या.

"ही उंची कुणाच्या मापाने घेतलीस?"

"माझ्याच. आम्ही दोघी सेम टू सेम आहोत."

"जरा माझ्याजवळ उभी राहा."

टाचणी उभी राहिली. तिचे डोळे ताईंच्या डोळ्यांसमोर आले.

"काल तुझ्या आईला मी वॉकरवर उभं केलं," ताई म्हणाल्या. "तिचं डोकं माझ्या भुवयांशी येत होतं."

"दुखतं म्हणून वाकली असेल."

"सरळ उभी होती. पलंग इतका उंच असला तर तिचे पाय लटकतील. उठताना घसरली तर सगळंच परत करावं लागेल. मला तिचं माप हवं."

मावशी खुर्चीतून उठली आणि आपली पर्स शोधायला लागली. आईची सोय आपल्याकडे करायला ती निघालीच होती.

टाचणीने मशीनच्या ड्रॉवरमधली मापांची वही काढून भराभर चाळली. गल्लीतल्या सगळ्यांची मापं होती. आईचं नव्हतं. तिने गळ्यातला टेप मुठीत धरला आणि फोन लावला.

"आई, तुझ्या गुडघ्याची उंची किती?"

"पायात बूट आहेत का तुझ्या?"

"नाहीत."

"मग तुझं माप घे आणि एक इंच कमी कर."

अडखळणं नाही, आठवणं नाही. टाचणीने खाली आपल्या पायांकडे पाहिलं.

"पण आपण तर सारख्या आहोत ना?"

पलीकडून कुठल्याशा ट्रॉलीच्या चाकांचा आवाज आला आणि गेला.

"होतो की," आई म्हणाली. "गेल्या वार्षिक परीक्षेपर्यंत."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तीनदा तुझा स्कर्ट उसवून लांब केला. तुला कळलं नाही, यात माझी काय चूक? शिलाई चांगली आहे माझी. काकांना म्हणावं, करवतीची जाडी धरून कापा. नाहीतर पुन्हा चुकेल."

टाचणीने फोन ठेवला. मग वाकून शाळेच्या स्कर्टची कड उलटी केली. जुन्या घड्यांच्या तीन फिकट रेघा, एकीखाली एक. तिने त्यांवरून अंगठा फिरवला, कड सोडली आणि ताठ उभी राहिली.

"काका, चारही ठोकळे काढा. एक इंच कमी. करवतीची जाडी धरून."

"आणि फळ्या?"

"फळ्यापण. ताई, तुम्ही पंधरा मिनिटं थांबता का? मावशी चहा छान करते."

मावशीने पर्स खाली ठेवली.

पंधराची पस्तीस मिनिटं झाली, पण ताई थांबल्या. शेवटी खाली येऊन बसलेल्या प्रत्येक फळीला त्यांनी हात लावून पाहिला आणि कागदावर सही केली.

दुसऱ्या दिवशी आई वॉकर टेकत टेकत आली. दारात थबकून तिने मशीन पाहिली, खडूच्या पुसलेल्या रेघा पाहिल्या. पलंगाकडे पाठ केली, शिकवल्याप्रमाणे एक पाय पुढे केला आणि सावकाश बसली. दोन्ही पावलं जमिनीवर सपाट टेकली. तिने ती एकदा उचलून पुन्हा टेकवली.

"बरोब्बर?" टाचणीने विचारलं.

"इकडे ये."

टाचणी जवळ गेली. आईने बसल्या बसल्याच तिच्या स्कर्टची कड दोन बोटांत धरून आतून चाचपली.

"दाब संपला. आता सोडायला आत कापडच नाही. नवाच शिवायला लागेल."

"सहा आठवडे तुला शिलाई बंद आहे. हॉस्पिटलच्या कागदावरचा नियम नंबर दोन."

"मला बंद आहे," आई म्हणाली. "तुला कुठे आहे? घे कापड. मी इथून सांगते."

टाचणीने कमरेच्या उंचीवरच्या फळीवरून कापड काढलं, मशीनच्या पाटावर पसरलं, खडू हातात घेतला आणि टेप लावला. रेघ मारण्याआधी हात थांबला.

"आई, दाब किती ठेवू?"

आईने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. आता ती चांगलीच वर करावी लागत होती.

"ठेव," ती म्हणाली. "भरपूर ठेव."