झडपेला बांधलेली तार

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी झडप आहे. मासेमारी बोटीच्या कठड्यात, अगदी खाली, डेकला टेकून माझी जागा. लाट डेकवर चढली की आतलं पाणी मला ढकलून बाहेर जातं. बाहेरचं पाणी आत शिरू लागलं की मी मिटते. माझं सगळं शिक्षण एवढंच. पण आत काय ठेवावं आणि बाहेर काय घालवावं हे पुष्कळांना जन्मभर कळत नाही, म्हणून मी स्वतःला अडाणी समजत नाही.

मला घडवणाऱ्या वेल्डरनं बिजागरीत तेल सोडलं, करंगळीनं मला हलवून पाहिलं आणि म्हणाला, "झकास." माझ्या वाट्याला आलेलं कौतुक ते एवढंच.

पुढे कित्येक वर्षं मी इमानेइतबारे पाणी बाहेर काढलं. कोणी आभार मानले नाहीत. तक्रारी मात्र झाल्या. मी खडखडते, आणि माझ्या फटीतून बारीक मासळी निसटते.

तक्रारदार होता तांडेलांचा मेव्हणा. तांडेल बोटीचे प्रमुख आणि मेव्हणा त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ, म्हणजे बोटीचा कोणीही नाही आणि सगळंच. एके दिवशी त्यानं तार आणून मला करकचून बांधलं.

"बघा दाजी, आता एक कोळंबी बाहेर गेली तर नाव बदलीन!"

"अरे, पण पाणी कुठून जाईल?"

"जाईल हो कुठूनतरी. पाणीच ते."

तांडेल सुकाणूकडे वळले. मेव्हण्याशी वाद घातला तर तो घरी बायकोपर्यंत पोचतो. त्यापेक्षा समुद्र परवडला. मग तारेवर रंग चढला आणि मी शोभेची वस्तू झाले.

मग तो दिवस आला. मासळी अशी लागली की खालचा खण गच्च भरला, तरी जाळं भरून येतच होतं. उरलेली मासळी डेकवर ओतली. ढीग कठड्याला लागला. परतीला वारा उठला.

"काय झुलतेय बोट! अगदी पाळणा," मेव्हणा खूश होऊन म्हणाला.

एरवी आमची बोट कलली की झटका देऊन उभी राहायची. आज ती कलायची, जरा विचार करायची आणि दुपारच्या झोपेतून उठल्यासारखी सावकाश सरळ व्हायची. स्वयंपाकी काका पळी घेऊनच बाहेर आले.

"तांडेल, चुलीवरचं पातेलं कललंय, ते सरळ व्हायचं नाव घेईना."

तांडेलांचा चेहरा उतरला. "वर ओझं फार झालंय. बोट आळसावली की समजावं, तिचा तोल चाललाय. मासळी फेका!"

"दाजी, शुद्धीवर आहात ना?"

उत्तर लाटेनं दिलं. ती पलीकडच्या कठड्यावरून आत आली, आडवी घसरत माझ्याकडे धावली आणि ढिगातली अर्धी मासळी घेऊन माझ्यावर आदळली. मी उघडणार होते. तार हलली नाही. पाणी तिथंच थांबलं, बोट माझ्या बाजूला झुकली आणि झुकलेलीच राहिली.

"तार तोड!" सुकाणू फिरवत तांडेल ओरडले. बोटीचं तोंड लाटांकडे वळवायची त्यांची धडपड चालली होती.

मेव्हणा पक्कड घेऊन घसरतच माझ्यापाशी आला. पाणी त्याच्या छातीला लागलं. कमरेच्या दोराचं दुसरं टोक काकांच्या हातात.

"कुठल्या गाढवानं एवढी पक्की बांधलीय!"

"गाढव जागेवरच आहे! हात चालव!" काका वरून खेकसले.

दुसरी लाट आली. मेव्हणा दिसेनासा झाला; मला फक्त त्याची बोटं जाणवत होती. एक वेढा तुटला. मग दुसरा. पण माझ्या बिजागऱ्या गंजलेल्या; मला हलताच येईना. तो डोकं वर काढून खोकला, कठड्याला धरून लोंबकळला आणि दोन्ही पायांनी मला लाथा घालू लागला. इतक्या आपुलकीनं मला कोणी कधी मारलं नव्हतं. मी उघडले. अर्धीच. पण त्या अर्ध्यातून पाणी गेलं, मासळी गेली, आणि खलाशी फावड्यांनी उरलेला ढीग ढकलत राहिले. बोट कण्हत, कुरकुरत, एकदाची उभी राहिली.

धक्क्यावर लोक हसले, "एवढीच मासळी?" मेव्हणा सरळ शेजारच्या बोटीकडे गेला. तिच्याही झडपा बांधलेल्या होत्या.

"आधी त्या सोड," तो तिच्या मालकाला म्हणाला.

"तुझी मासळी गेली म्हणून आमची घालवतोस होय?" तो बोटवाला म्हणाला.

मित्रांनो, आमची निगा अवघड नाही. बिजागरीला तेल द्या, गंज खरवडा, आमच्या वाटेत काही ठेवू नका. जे जड ते तळाशी असू द्या, जे पाणी ते बाहेर जाऊ द्या.

शेजारची ती बोट आज सकाळी झडपा बांधलेल्याच ठेवून गेली. दुपारपासून वारा आहे. त्या बोटवाल्याची आई धक्क्यावर येऊन आमच्या मेव्हण्याला विचारू लागली, "अजून कशी आली नाहीत रे पोरं?"

"येतील हो मावशी," तो म्हणाला. "मासळी जास्त लागली असेल."

आणि आपण काय बोललो ते कळून तो समुद्राकडे बघत राहिला.