ओरिनचं नाक

"झालं का रे?" वेंडेलनं तिसऱ्यांदा विचारलं.

ओरिन हेडननं नळीखाली तळवा धरला. गरम, पाण्यासारखी स्वच्छ धार हातावर घेतली, दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा चोळले आणि नाकाशी नेले. डोळे मिटले. लांब श्वास घेतला.

काही नाही. नळाखाली हात धुतले असते तरी हेच.

"थांब जरा," तो म्हणाला.

दारूच्या भट्टीवरचं त्याचं काम सांगायला सोपं होतं. तांब्याच्या भांड्यातून येणारी पहिली धार टाकायची, मधली धरायची आणि शेवटची सोडून द्यायची. पण पहिली कुठं संपली आणि शेवटची कुठं सुरू झाली, हे धार स्वतः सांगत नाही, ते नाकाला विचारावं लागतं. ताकद मोजायची काचेची नळी होती, पण तिला वासातलं काय कळणार? पहिल्या धारेला नखं रंगवायच्या रंगाचा उग्र दर्प, मग भाजलेल्या मक्याचा गोडवा आणि शेवटी ओल्या पुठ्ठ्याची कुबट घाण. या सीमारेषा ओरिन उभी हयात तळव्यावर ओळखत आला होता. नाताळात त्याला ताप आला, बरा झाला, आणि जाताना नाक घेऊन गेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. अंदाजानं काम रेटत राहिला.

"आता धर," तो म्हणाला आणि बादली बदलली.

वेंडेल मॅटिंग्ली भट्टीचा मालक, पण दोघं एकाच गल्लीत वाढलेले. त्यानं पेल्यात थोडी घेतली, तोंडात घोळवली, थुंकली आणि पेल्याकडेच बघत राहिला.

"ओरिन, गेल्या खेपेलाही हेच. पुठ्ठा चघळल्यासारखं लागतंय. ही मी पिंपात भरू शकत नाही."

"आज मक्यालाच काहीतरी..."

"मक्याला काही झालेलं नाही." वेंडेलनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं, जरा जास्तच वेळ. "मी काही विचारत नाही तुला. पण तू बरा आहेस ना?"

जे विचारलं नव्हतं, ते ओरिनला नीट ऐकू आलं.

कारण ओरिन दारू गाळायचा, पण थेंबही जिभेवर घेत नसे. खाटीक आहे आणि भाजीपाल्यावर जगतो, अशी गावात त्याची चेष्टा चाले. एके काळी तो इतकी प्यायचा, की त्याच्या गाडीचा आवाज आला की बायको अ‍ॅग्नेस लेकीला उचलून शेजारच्या घरात जाऊन बसायची. अ‍ॅग्नेस आजारात गेली. तिच्या उशाशी त्यानं बाटली सोडली आणि पुन्हा शिवली नाही. मात्र शेजारी जाऊन बसलेली ती पोर ते विसरली नव्हती, आणि तिनं का विसरावं?

दुपारी तो जेवायला घरी आला, तेव्हा ट्वायला दारातच उभी होती.

"बाबा, इकडे बघा. वेंडेलकाकांची बायको भेटली होती चर्चमध्ये. म्हणाली, ओरिनचा हात बिघडलाय, सांभाळ गं बाई."

"तिला काय कळतंय?"

"तुमच्या अंगाला वास येतोय."

"भट्टीवर काम करतो. गुलाबाचा येणार का?"

"कपड्यांचं नाही म्हणत मी. तोंड उघडा."

आणि साठी ओलांडलेल्या त्या बाप्यानं दारात उभं राहून लेकीपुढे आ केला. तिनं वाकून वास घेतला. तिला काही सापडलं नाही, तरी चेहऱ्यावरची आठी गेली नाही. याची लाज कुणाला जास्त वाटली, बापाला की लेकीला, देव जाणे.

तिनं बर्गू वाढला. मांस, मका, बटाटे एकत्र शिजवलेला तो दाट रस्सा अ‍ॅग्नेसच्या हातचाच वाटावा असा ती करायची. ओरिननं चमचाभर तोंडात घातला. कोमट, खारट, बाकी शून्य.

"झकास झालाय," तो म्हणाला.

ट्वायलाचा हात थांबला.

"बाबा, खालून करपलाय तो. घरभर वास सुटलाय. तुमच्यासाठी दुसरं काहीतरी करणारच होते मी." ती खुर्चीत बसली. "करपलेलं झकास लागतं तुम्हाला. कधी लागायचं ते आठवतंय मला."

"ट्वायला, मी नाही घेतली."

"मी आई नाही, बाबा. मी शेजारी जाऊन परत येणार नाही. गेले तर कायमची जाईन."

ओरिननं ताटली संपवली. काम गेलं तर माणूस दुसरं काही करेल, पण घरात एकुलतं एक माणूस उरलेलं, ते गेलं तर संध्याकाळी दिवा कुणासाठी लावायचा? भट्टीकडे परतताना त्यानं ठरवून टाकलं. मूठ उघडायची.

वेंडेल भांड्यापाशीच होता. दुसरी खेप चढली होती आणि मधली धार चालू होती.

"माझं नाक गेलंय," ओरिन म्हणाला. "नाताळापासून. कशाचाच वास येत नाही. तुला वाटतंय तसं काही नाही."

वेंडेल मटकन बाकावर बसला आणि हसायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरले.

"अरे गाढवा, मग हे आधी का नाही बोललास? मला वाटलं, तू पुन्हा बाटली धरलीस. चार रात्री झोप नाही मला."

"मी काम सोडतो. ट्वायलाला तेवढं तू सांग. माझ्यावर तिचा विश्वास नाही."

"सांगतो की. पण काम कशाला सोडतोस? नाक गेलं, जीभ आहे ना? मी काय करतो? तोंडात घ्यायची, घोळवायची, थुंकायची. नुसत्या नाकावर चालवणारा तू एकटाच शहाणा." वेंडेलनं पत्र्याचा पेला धारेखाली धरला आणि पुढे केला. "तुझ्या जागी दुसरा उभा राहिलेला मला बघवणार नाही, ओरिन."

"मी तोंडात घेत नाही."

"पी म्हणतंय कोण? थुंक."

आता आणखी एकच वाक्य बोलायचं होतं, जीभही गेलीय. करपलेल्या बर्गूनं ते दुपारीच पक्कं केलं होतं. वाक्य ओठांपर्यंत आलंही. पण पेला हातात होता, आणि वेंडेलच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांनी बरं वाटल्याचं दिसत होतं. दोन्हींपैकी ओरिनला कशानं अडवलं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

त्यानं घोट घेतला. मका नाही, राय धान्य नाही, गोडवा नाही, पुठ्ठा नाही. नुसती आग. ती मात्र त्याला लगेच ओळखू आली. तो बादलीत थुंकला.

"कळलं?" वेंडेलनं विचारलं.

"नीट नाही."

"पहिल्यांदाच आहे, होईल सवय. सावकाश घे. मी पिंप बघून येतो." त्यानं ओरिनच्या पाठीवर थाप मारली आणि दाराकडे वळला. "आणि ट्वायलाला फोन करतो. जीव भांड्यात पडेल पोरीचा."

ओरिननं पेला पुन्हा धारेखाली धरला. तो काठोकाठ भरेपर्यंत त्यानं हात हलवला नाही, आणि या खेपेला बादली पायानं जरा लांब सरकवली.