उद्याची बाई

नागिसाने मिसो सूपची वाटी दोन्ही हातांनी उचलली, मित्सुएच्या डोळ्यांत डोळे घातले आणि सगळं सूप तातामीच्या चटईवर ओतलं. सांडलं नाही, ओतलं! चेहरा असा शांत, जणू कुंडीतल्या रोपाला पाणी घालतेय. वय वर्षं चार.

"मी पन," म्हणत दोन वर्षांच्या इत्सुकीनेही आपली वाटी पालथी केली. ताई जे करेल ते त्याला करायचंच असायचं.

"अगं बये! आत्ता तर कुठे टेकले होते गं मी!" मित्सुए ओरडली. दोन घास निवांत खावेत म्हणून तिने नुकताच एप्रन काढून खुंटीला अडकवला होता. निवांत म्हणे! ही दोघं घरात आली त्याच दिवशी तो शब्द मागच्या दाराने पळून गेला होता.

पडवीत संत्री निवडत बसलेल्या सासूबाईंनी, कियोबाईंनी, मान वळवली. "मी म्हटलं होतं, मांजर पाळ. मांजर सूप ओतत नाही."

"आई, तुम्ही संत्री निवडा."

"निवडतेच आहे. नासकं वेळीच बाजूला काढावं, एवढंच म्हणते."

"मुलांसमोर असलं बोलायचं नाही!" मित्सुए इतक्या जोरात कडाडली की कियोबाईंच्या हातातलं संत्रं घरंगळत अंगणात गेलं. मग तिला स्वतःचंच हसू आलं, आणि हसू आलं म्हणून आणखी राग आला. बाजू कुणाची घेतेय मी? काल तर मीच फोन केला ना?

हो, केला होता. बालकल्याण कार्यालयातल्या हामादा साहेबांना ती सरळ म्हणाली होती, "मला नाही जमत. घेऊन जा दोघांना." ते म्हणाले, "उद्या दुपारी येतो, समोरासमोर बोलू." दत्तकाचा कायदा असा, की आधी सहा महिने मुलांना घरी सांभाळायचं, मग कोर्ट ठरवणार ती तुमची की नाही. पण त्याआधी मित्सुएने नको म्हटलं, तर कोर्टापर्यंत जायचं कामच नव्हतं. बहीणभावाचं गाठोडं पुन्हा बालगृहात. नवरा तेत्सुरो सकाळी म्हणाला, "तू ठरव, मी तुझ्या बाजूने आहे," आणि संत्र्याच्या बागेत निघून गेला. नवरे बाजूने असतात, बाजूला कधी नसतात!

आणि मित्सुए काही लेचीपेची नव्हती. गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिची हयात गेली होती. तिच्या हातच्या करीसाठी अख्खी शाळा दुसऱ्यांदा रांग लावायची. आता वर्षभराची रजा काढून ती घरी बसली होती, आणि घरची ही दोन टिकोजीराव फक्त कोरडा भात खात होती. तोही पोटात जास्त जायचा की चटईवर, हा प्रश्नच.

डोकं फिरवणारी गोष्ट अशी, की नागिसा दिवसभर वाईट वागायचीच नाही. मित्सुए ओट्यापाशी उभी असली की ही तिच्या पायात घोटाळणार, तांदूळ धुऊ लागणार, चिमुकल्या हातांनी भाताचे वाकडेतिकडे गोळे वळणार. आणि मित्सुए जेवायला बसली रे बसली, की भडका. परवा तर दंडाला चावली होती. म्हणजे माझं बसणंच खुपतं की काय हिला?

मित्सुएने पुन्हा एप्रन चढवला आणि फडकं घेऊन चटई पुसायला लागली. नागिसा लगेच शहाण्यासारखी दुसरं फडकं घेऊन आली.

"आता मदत! मघाशी काय झालं होतं गं?"

"काही नाही, बाई." बालगृहात सगळ्यांना बाईच म्हणायचं असतं. ती सवय काही सुटली नव्हती.

तेवढ्यात दारावरची घंटी वाजली. मित्सुएने घाईघाईने केस सारखे केले, हामादा साहेबांसाठी बसायची उशी मांडली आणि एप्रन उतरवला. एप्रनवर पाहुण्याला सामोरं जायचं? छे! असलं वळण नव्हतं तिच्या आईने लावलेलं.

दार उघडून ती वाकून नमस्कार करते न करते, तोच पायावर गार काहीतरी पडलं. मागे नागिसा उभी. हातात सोया सॉसची बाटली, उलटी. मित्सुएचे पांढरे मोजे काळे होत चालले होते.

"नागिसा! हे काय चाललंय?"

"जा ना मग!" पोरगी किंचाळली. "एप्रन काढला ना? जा! रोज रोज काढतेस आणि जात नाहीस! उद्या कोणती बाई येणार आहे?"

हामादा साहेब उंबऱ्याशी हळूच म्हणाले, "बालगृहात कामाची पाळी बदलली की बाया एप्रन काढतात. आणि घरी जातात."

मित्सुएने खुंटीकडे पाहिलं. मग मोज्यांकडे. रोज जेवायला बसताना आपण या पोरीला काय सांगत होतो!

"काल तुम्ही फोनवर म्हणालात..." हामादा साहेब चाचरत म्हणाले.

"म्हणाले होते. चिडले होते. अजूनही चिडलेलेच आहे! हे मोजे नवे होते!" ती नागिसासमोर उकिडवी बसली. "ऐक. उद्या मीच येणार. म्हणजे येणार कुठून? इथेच असणार."

"परवा?"

"मीच."

"मग तुला सुट्टी कधी?"

"नाही."

"कध्धीच?"

"कध्धीच."

"बदली बाई?"

"कुठली बदली? एक आजी आहेत, पण त्या नुसत्या बोलतात."

"ऐकू येतंय हं मला," पडवीतून आवाज आला.

नागिसाने बराच वेळ मित्सुएला न्याहाळलं. विश्वास बसल्यासारखी काही दिसत नव्हती. पण अशी बाई तिने आजवर पाहिली नव्हती, जिला सुट्टीच नाही, बदली नाही, आणि मोजेसुद्धा ओले.

"बिच्चारी," ती म्हणाली.

मग ती आत गेली आणि पाहुण्यासाठी मांडलेली उशी दोन्ही हातांनी ओढत दारापाशी घेऊन आली.

"थोडी बस," तिने हुकूम सोडला.

मित्सुए बसली. नागिसा तिच्या खांद्याला टेकून, दाराकडे तोंड करून, पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. हामादा साहेब आपली बॅग पोटाशी धरून उंबऱ्याबाहेरच थांबले. त्यांना आत या म्हणायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही.