तीनशेला एक कमी

मित्रांनो, मी एक जुनी बॅट आहे, आणि आधीच सांगून टाकते, मी भयंकर भित्री आहे. बेसबॉलची बॅट आणि भित्री? हसा बापडे! पण सुसाट येणारा चेंडू एकदा तुमच्या कमरेत बसला, की मग बोलू.

मी मेपलच्या लाकडाची. सान पेद्रो गावच्या फलंदाज एलादियोनं मला घेतलं, तेव्हा मी खणखणीत वाजायची. आमच्या गावात एक समज आहे. प्रत्येक बॅटमध्ये देवानं मोजकेच फटके घातलेले असतात, संपले की संपले. म्हणून एलादियो मला फक्त अडचणीच्या वेळी बाहेर काढायचा. उसनी तर सख्ख्या भावालाही द्यायचा नाही. पिशवीत पडल्या पडल्या मी शेजारच्या बॅटी मैदानात मोडताना ऐकायची आणि माझी गाळण उडायची.

आमच्याकडे फलंदाजाची किंमत हजारात करतात. हजार वेळा उभा राहिला, तर किती वेळा चेंडू मारून मैदानातल्या चार तळांपैकी एक तरी गाठला? तीनशे जमले तर लोक टोपी काढतात. ऊसमळ्याच्या वस्तीतून एलादियोबरोबर निघालेले बाकीचे अडीचशे-पावणेतीनशेवर थांबले. एक बासिलियो तेवढा तीनशे एकवर निवृत्त झाला. तो एलादियोचा जिवलग, आणि आता आमचा फलंदाजीचा मास्तर.

"काय तीनशे, जेवलास का?" तो रोज विचारायचा.

"जेवलो की, तीनशे एक! एक घास तुझ्यासाठी ठेवलाय."

एलादियोचं ते शेवटचं वर्ष. सरासरी कशीबशी तीनशेला टेकलेली. साखळीतल्या शेवटच्या सामन्यात त्याला मुद्दाम बाकावर बसवलं होतं. एकदा जरी बाद झाला असता, तरी आकडा कायमचा दोनशे नव्व्याण्णव. पण सामना बरोबरीत आला, तिसऱ्या तळावर आमचा गडी ताटकळत उभा राहिला, आणि एलादियोनं मला उचललं.

मित्रांनो, मी मनातून किंचाळत होते. आदल्या सामन्यात माझ्या मुठीजवळ बारीक चीर पडली होती, आणि ते फक्त मला ठाऊक होतं.

बासिलियोनं मला हिसकावून जमिनीवर ठोकलं आणि कान लावला. "बद्द वाजतेय रे! फुटलीय ही. आणि तू तरी कशाला जातोस? गप बस, तीनशे पदरात आहेत."

"गडी तिकडे उभा आहे, बासिलियो. आणि हिच्यात अजून एक आहे."

चेंडू आला. मी डोळे मिटले. कडाड! माझे दोन तुकडे झाले. चेंडू मेल्या मनानं घरंगळत गेला, इतका हळू, की उचलेपर्यंत आमचा गडी घरी, म्हणजे चौथ्या तळावर पोचला होता. धाव मिळाली, पुढे सामनाही जिंकलो. एलादियो मात्र पहिल्या तळाच्या दोन पावलं अलीकडे होता, चेंडू तिथं आधी पोचला आणि तो बाद झाला.

आता हा मला चुलीत घालणार, मी धरूनच चालले. त्यानं दोन्ही तुकडे गोळा केले, घरी आणून चिकटवले आणि खुंटीला टांगले.

दर हिवाळ्यात रेडिओवर जुन्या खेळाडूंची तुलना लागते. "बासिलियो तीनशे एक, एलादियो दोनशे नव्व्याण्णव." दर वेळी मी त्याच्याकडे चोरून बघते. आज तर तो माझ्याकडे रागानं बघणार नाही ना? बासिलियो डोमिनोच्या सोंगट्या आपटत चिडवतो, "बसला असतास तर!" एलादियो म्हणतो, "आणि त्या पोराला घरी कुणी आणलं असतं, तुझ्या तीनशे एकनं?"

आज सकाळी त्याची नात योकाइरा गल्लीतल्या सामन्यासाठी बॅट मागायला आली. मी खुंटीला घट्ट बिलगले. लटकून धूळ खाण्यात निदान जिवाला धोका नव्हता. एलादियोनं मला काढलं, मुठीला चिकटपट्टी गुंडाळली, जमिनीवर ठोकून कान लावला. बद्द.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणी असं खुंटीला लटकून असेल. जपा, पण खाली काढा. भीती वाटते हो, आत्ताही वाटतेय, योकाइराच्या समोर दुसऱ्या संघाची एक लांब वेण्यांची पोरगी चेंडू फेकायला हात मागे नेतेय. पण ज्यानं मला कधी कुणाला उसनं दिलं नाही, त्यानंच मला नातीच्या हातात ठेवलं आणि तो म्हणाला,

"जोरात मार. हिच्यात अजून एक आहे."