खिडकीवरचं अपील

झाशीच्या प्रेम नगरातले दत्तात्रेय मुळे रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले, त्याच वर्षी शेजारच्या शशिकांत शुक्लांनी आपल्या भिंतीला खिडकी पाडली. ती थेट मुळ्यांच्या अंगणात उघडायची. आता ओलेत्याने सूर्याला अर्घ्य कसं द्यायचं, असं म्हणून दत्तात्रेयांनी दावा लावला.

भिंत शुक्लांची, खिडकी नियमात, असं दिवाणी कोर्टाने सांगितलं. दत्तात्रेय अपिलात गेले आणि हरले. मग अलाहाबादला हायकोर्टात. तिथेही हरल्यावर पुनर्विचाराचा अर्ज केला, आणि तो फेटाळला गेला तेव्हा त्या फेटाळण्याचाही पुनर्विचार व्हावा, असा दुसरा. प्रत्येक निकालानंतर ते म्हणत, फाइल कुणी नीट वाचलीच नाही. वकिलाने हात टेकले तेव्हा त्यांना आठवलं, की घरावर बायकोचंही नाव आहे. तिचं कुठे कुणी ऐकलंय? झाशीतच अनुसूयाबाईंच्या नावाने नवं अपील दाखल झालं.

अनुसूयाबाईंनी मुकाट सही केली. नाही म्हटलं असतं तर त्यावरही अपील झालं असतं.

जिल्हा न्यायालयातल्या न्यायाधीश बाईंनी जुने निकाल चाळले आणि वकिलाला थांबवून अनुसूयाबाईंनाच विचारलं, की खिडकीचा तुम्हाला नेमका काय त्रास आहे. दत्तात्रेय मागून खुणा करत होते.

"तकलीफ तो कोई नहीं, मैडम," अनुसूयाबाई म्हणाल्या. "शुक्लाजी की मधु भाभी से वहीं बात होती है. ये तो दिनभर कचहरी में रहते हैं."

कोर्टात खसखस पिकली. न्यायाधीश बाई मात्र हसल्या नाहीत. तेच भांडण नव्या नावाने पुन्हा आणणं हा न्यायप्रक्रियेचा दुरुपयोग आहे, असं सांगून त्यांनी अपील फेटाळलं, आणि या खिडकीबद्दल आता परवानगीशिवाय एकही अर्ज घ्यायचा नाही, असा हुकूम दिला. या हुकमावर अपील कुठे करायचं, हे विचारायला दत्तात्रेय उठले, तेवढ्यात वकिलाने त्यांना खाली बसवलं.

 घरी जाताना रिक्षात, दतिया गेट मागे पडल्यावर दत्तात्रेय म्हणाले, "माझ्याविरुद्ध साक्ष दिलीस."

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं. तुम्ही कधी विचारलंत?"

तारखाच संपल्या, तसे दत्तात्रेय घरी राहू लागले. सकाळी खिडकीकडे पाठ करून पेपर वाचत बसायचे. एकदा मधु भाभी खिडकीतून अनुसूयाबाईंना आपल्या भाचीच्या लग्नाची हकिकत सांगत होत्या. वरात दारात, आणि नवऱ्या मुलाचे काका न्हाणीघरात अडकलेले. एवढ्यात दूध उतू गेलं. अनुसूयाबाई आत धावल्या आणि भाभी थांबल्या.

दत्तात्रेयांनी बराच वेळ पान उलटलं नाही. शेवटी खाकरून, मान न वळवता त्यांनी विचारलं, "फिर चाचाजी निकले कैसे, भाभीजी?"

भाभींनी पहिल्यापासून सांगायला घेतलं. दत्तात्रेयांनी खुर्ची फिरवली.